लिंबाची पाने पिवळी पडली म्हणून जिप्सम टाकू नका

प्रश्न : कागदी लिंबाच्या झाडांची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विक्रेत्याने जिप्सम, ह्युमिक (ह्युमिक आम्लाचे द्रावण) आणि जमिनीतून हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) देण्यास सांगितले आहे. द्यावे का? (श्रीगोंदा तालुक्यातील शेतकरी)

उत्तर : जिप्सम देऊ नये. कोवळ्या पानांवरील ही लक्षणे लोहाच्या कमतरतेची आहेत, आणि आपल्या भागात ती बहुतेक बागांत चुनखडीमुळे दिसतात. जमिनीत लोह असते, परंतु चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. जिप्सममधून कॅल्शियम मिळते आणि चुनखडीच्या जमिनीत ते आधीच मुबलक असते. जिप्सम हा चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीचा उपाय आहे, तोही पाण्याचा निचरा होत असेल तरच.

जमीन कोणती आहे, हे घरीच पाहता येते. झाडाच्या घेराबाहेर तीन फूट खोल खड्डा घेऊन प्रत्येक फुटावरची माती वेगळी ठेवावी. कोरड्या ढेकळावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकल्यावर फसफसून बुडबुडे आले, तर चुनखडी आहे. बुडबुडे दुसऱ्या-तिसऱ्या फुटाला अधिक जोमाने येत असतील, तर मुळे थेट चुनखडीच्या थरावर बसली आहेत. हरभऱ्याएवढे दुसरे कोरडे ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात न ढवळता सोडावे. ते नुसते विरघळून तळाशी बसले तर चिंता नाही. त्याभोवती दुधाळ ढग पसरून तासन्‌तास टिकला तर जमीन चोपण असण्याची दाट शक्यता आहे. यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घेऊ नये, कारण त्यातील क्षारांमुळे ढग उठतच नाही आणि फसगत होते.

चुनखडी निघाल्यास हिराकस जमिनीवर नुसता फेकू नये. तो काही दिवसांत निरुपयोगी होतो, पाने पिवळीच राहतात आणि विक्रेता मात्रा दुप्पट करायला सांगतो. असे अनेक बागांत पाहिले आहे आणि दुप्पट मात्रेने एकही बाग हिरवी झालेली पाहिली नाही. हिराकस द्यायचाच असेल, तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस मुरवून द्यावा. तातडीसाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकसाची फवारणी नव्या पालवीवर सायंकाळी करावी. दुपारच्या उन्हात नाही, दुसऱ्या औषधात मिसळून नाही आणि जास्त मात्रेने तर मुळीच नाही, कारण पाने करपतात. पाणीही बेताने द्यावे, कारण सततच्या ओलाव्याने हाच पिवळेपणा वाढतो.

चुनखडी जमिनीतून काढून टाकता येत नाही, त्यामुळे गंधकाच्या पोत्यांवर फार भरवसा ठेवू नये. टिकाऊ उपाय सेंद्रिय पदार्थांचा आहे, आणि त्यात माझा आग्रह तागाच्या हिरवळीच्या खताचा आहे. मृगाच्या पावसावर दोन ओळींच्या मध्ये ताग दाट पेरावा आणि पेरणीपासून 45 ते 50 दिवसांनी, फुलकळी दिसताच कापावा. उशीर करू नये. खोड निबर झाले की ते लवकर कुजत नाही आणि कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते. लिंबाची मुळे उथळ असल्याने झाडाच्या घेरात नांगर किंवा रोटाव्हेटर घालू नये; कापलेला ताग तिथेच आच्छादन म्हणून पसरावा, मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. जमीन चोपण निघाली, तर तागाऐवजी धैंचा हे हिरवळीचे पीक घ्यावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (मुळे खाणारी अळी) बागेत येते. ह्युमिकच्या बाटलीने यातले एकही काम होत नाही.

जमीन चोपण निघालीच, तर जिप्सम किती द्यायचा, हे माती परीक्षण अहवालावरूनच ठरवावे, दुकानातील सांगण्यावरून नव्हे. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी तालुका कृषी कार्यालयात विचारावे. फळबागेचा नमुना प्रत्येक फुटाच्या थराचा वेगळा, सुमारे अर्धा किलो, सावलीत वाळवून द्यावा. नुकतेच खत दिलेल्या जागेतून किंवा बांधावरून घेऊ नये, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत तर अजिबात भरू नये.