व्यापारी म्हणतो "कॉल रेकॉर्ड केला म्हणून सायबर केस करतो", खरंच होते का?

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भाऊंचा प्रश्न आलाय. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांची बाग एका व्यापाऱ्याने कापली, सगळा सौदा फोनवर, कागद म्हणून हातात फक्त वजनकाट्याच्या पावत्या. 2 लाख 40 हजार बाकी. त्यानंतर व्यापारी फोनवर "देतो, देतो" करत राहिला आणि भाऊंच्या मोबाईलमध्ये ऑटो रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे ते सगळं सेव्ह झालं. आता तो म्हणतो मी माल घेतलाच नाही, आणि रेकॉर्डिंगचं कळल्यावर उलट धमकी देतो की परवानगीशिवाय कॉल रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, तुझ्यावरच केस टाकतो. त्यात पुतण्याने एक क्लिप गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिली. मित्र म्हणतोय व्यापाऱ्याच्या मुनीमाच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकू, सगळे कॉल आपल्याकडे येतील. आणि फोनची स्क्रीन फुटलीये म्हणून नवीन घ्यायचा विचार चालू आहे.

भाऊ, पहिले घाबरणं बंद करा. तुम्ही स्वतः ज्या कॉलवर बोलत होता तो कॉल तुम्ही रेकॉर्ड केला, एवढ्यावरून गुन्हा होत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही की समोरच्याला विचारल्याशिवाय स्वतःचं बोलणं टेप करता येणार नाही. आणि हा मुद्दा आजचा नाही, मुंबईच्या एका कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) एका डॉक्टरकडे लाच मागितली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरच्या फोनला, त्याच्या संमतीने, टेपरेकॉर्डर लावला होता, तो मलकानी खटला 1972 साली सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं की बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असेल तर ते चोरून ऐकणं होत नाही, टेप पुरावा म्हणून चालेल. नंतर 2017 ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरला, त्यावरून काही हायकोर्टांनी नवरा-बायकोच्या रेकॉर्डिंगबाबत उलट निकाल दिले होते, पण जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या केसमध्ये तसं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा पुराव्यात घ्यायला हरकत नाही म्हटलं. मग तुमचा तर साधा उधारीचा व्यवहार आहे.

मुनीमाच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकायचं मात्र डोक्यातून काढूनच टाका. तिथे तुम्ही बोलणारे नाही, तिसरे आहात, आणि दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने कान घालणं हाच खरा गुन्हा आहे. दूरसंचार कायदा 2023 मध्ये बेकायदा इंटरसेप्शनला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, शिवाय दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये त्याच्या नकळत काही घुसवलं की आयटी अ‍ॅक्टचं कलम 66 वेगळं लागतं. आज व्यापारी जी खोटी धमकी देतोय ती तुम्ही स्वतःच्या हाताने खरी करून द्याल. मित्राला स्पष्ट नाही म्हणा.

ग्रुपवरच्या क्लिपचं पण तसंच. रेकॉर्ड करणं वेगळं आणि वाटत फिरणं वेगळं. त्याने बदनामीची तक्रार केली तर "खरंच बोललो" एवढ्याने सुटका होईलच असं नाही, ते सांगणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. पुतण्याला राग आला हे मी समजू शकतो, घरातला पैसा अडकलाय, पण क्लिप डिलीट होत असेल तर करायला लावा आणि यापुढे एकही बाहेर जाऊ देऊ नका. व्यापाऱ्याला "पैसे दे नाहीतर सगळं व्हायरल करतो" असं तर चुकूनही म्हणू नका, लिहून पाठवू तर नकाच, त्यावरून तो खंडणीची तक्रार करायला मोकळा होतो आणि हक्काचे पैसे मागणारे तुम्हीच आरोपी होता.

आता तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं आहे काय ते बघू, कारण खरी मेख इथे आहे. तुम्ही तीन कॉलचं बोलणं टाईप करून पाठवलंय. दोन कॉलमध्ये तो फक्त म्हणतो "चार दिन थांब भाऊ, देसू ना". काय देणार, किती देणार, कशाचे, काहीच नाही. उद्या तो म्हणेल मी तर हातउसने 500 रुपये द्यायचं बोलत होतो. फेब्रुवारी 2025 चा कॉल मात्र सोन्यासारखा आहे, त्यात तुम्ही कापणीचा महिना, बाग आणि 2 लाख 40 हजार हा आकडा बोलता आणि तो म्हणतो "हो, तेवढे बाकी आहेत, वरून गाडीचं पेमेंट अडकलं". त्याच कॉलवर तुमची केस उभी राहू शकते. यापुढे बोलणं झालं तर असंच बोला, शांतपणे, मालाचं नाव, तारीख, रक्कम घेऊन. शिव्या नकोत, त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत.

कोर्टात रेकॉर्डिंग कसं तपासतात ते 1985 च्या राम सिंग निकालात आलंय: आवाज कोणाचा ते ओळखता आलं पाहिजे, त्यात छेडछाड नाही हे दाखवता आलं पाहिजे, बोलणं स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, विषयाशी संबंध पाहिजे आणि ते नीट सांभाळून ठेवलेलं पाहिजे. म्हणून फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेट तर अजिबात मारू नका. स्क्रीन फुटली तर स्क्रीन बदलून घ्या, दुकानदाराला समोर उभं राहून सांगा की डेटाला हात लावायचा नाही. नवा फोन घ्यायचाच असेल तर घ्या पण जुना बंद करून घरात ठेवा. फाईल कट करायची नाही, "कामाचं तेवढंच" वेगळं काढायचं नाही, नाव बदलायचं नाही. केबल लावून फाईल आहे तशी पेनड्राईव्हवर कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःला पाठवून ठेवलेली फाईल म्हणजे मूळ फाईल नाही.

1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, मोबाईलमधलं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर त्याच्या कलम 63(4) खाली सर्टिफिकेट लागतं, जुन्या लोकांना ते 65-ब म्हणून माहीत आहे. आता त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू टाकावी लागते. हॅश म्हणजे फाईलवरून निघणारा एक लांबलचक नंबर, फाईलमध्ये एक सेकंद जरी कापला तरी तो पूर्ण बदलतो, म्हणून तर कट करू नका म्हणतोय. मूळ फोन घेऊन तुम्ही स्वतः साक्षीला उभे राहिलात तर सर्टिफिकेट लागत नाही असं 2020 च्या खोतकर निकालात आहे (आपल्या शेजारच्या जालन्याच्याच निवडणुकीची केस), पण मी दोन्ही तयार ठेवतो, फोन सुनावणीपर्यंत चालू राहील याची काय खात्री. बोलणं कागदावर उतरवताना अहिराणी आहे तशीच लिहा आणि बाजूला मराठी, सुधारून लिहिलं की समोरचा वकील तिथेच पकडतो.

"तो आवाजच माझा नाही" म्हणाला तर कॉल झाला होता हे कंपनीच्या कॉल डिटेल्सवरून दिसतं. ते कोर्टामार्फत मागवावे लागतात आणि कंपन्यांवर बंधन फक्त 2 वर्षं जपायचं आहे, म्हणजे तुमच्या फेब्रुवारी 2025 च्या कॉलचं फेब्रुवारी 2027 नंतर मिळेलच असं नाही.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाही पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. मुदत. विकलेल्या मालाचे पैसे वसूल करायला दाव्याची मुदत 3 वर्षं, उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून. तुमची कापणी ऑगस्ट 2023 ची, म्हणजे ऑगस्ट 2026 ला मुदत संपते. तुम्हाला वाटतंय तो फेब्रुवारी 2025 ला फोनवर "बाकी आहे" म्हणाला म्हणजे तिथून पुढे 3 वर्षं. तसं होत नाही. मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे कबुली लेखी आणि सहीची लागते, तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही, मग ती कितीही स्पष्ट रेकॉर्ड झालेली असो. कितीतरी शेतकरी "देतो" ऐकत बसतात आणि मुदत निघून जाते, हे बघून जीव तुटतो.

पोलिसात जाऊ का असं विचारलंत, जा, अर्ज देऊन पोच घ्या, पण ते बहुतेक दिवाणी बाब म्हणतील, कारण पैसे बुडवले एवढ्यावर फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. व्यापारी बाजार समितीचा लायसन्सधारक असेल तर तिथे लेखी तक्रार करा. पण या दोन्हीत महिने घालवू नका, या आठवड्यातच वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि नोटिशीत रेकॉर्डिंगचा उल्लेख करायचा की नाही ते वकिलाला ठरवू द्या, मी असतो तर नसता केला, त्याला आधी लेखी उत्तर देऊ दिलं असतं. वकिलाकडे जाताना काट्याच्या पावत्या, गाडी भरली त्या दिवशीच्या कापणीवाल्या मजुरांची नावं, काही रक्कम खात्यावर आली असेल तर बँकेचा उतारा आणि तो फुटक्या स्क्रीनचा फोन, सगळं सोबत न्या.