‘झीरो कमिशन’ची पाटी आणि प्रागबद्दलचे बाकीचे प्रश्न

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडचे फोन प्रागकडे वळतात. व्हिएन्ना-बुडापेस्टच्या फेरीत तीन दिवस चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीचे, म्हणजे प्रागचे, हे ठरलेलं असतं आणि शंकाही ठरलेल्या असतात. त्यातल्या काही इथे घेते. आपल्याला हवं तेच उत्तर मिळालं नाही म्हणून कुणी रागावू नये.

प्रागला युरो चालतात का? (नाशिक)

काही दुकानांत चालतात, पण भाव दुकानदार ठरवतो. तिथलं चलन कोरुना आहे, तेच वापरा.

जूनच्या अखेरीस निघतोय. प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला चार. एजंट म्हणतो फ्रान्सचा व्हिसा लवकर मिळतो, तिथलं हॉटेल दाखवू आणि नंतर रद्द करू. अर्ज मेच्या शेवटी केला तर चालेल ना? (ठाणे)

नाही, दोन्ही गोष्टी चालणार नाहीत. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरता त्याच्याकडे. तुमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जायला हवा. खोटं हॉटेल दाखवून व्हिसा नाकारला गेला, तर त्याची नोंद शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या, सगळ्या देशांना दिसते. एजंट तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात असतो.

राहिली मुदत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. ‘पंधरा दिवस आधी’ ही अर्ज देण्याची शेवटची तारीख आहे, व्हिसा हातात पडण्याची हमी नव्हे. निर्णयाला एरवी पंधरा दिवस लागतात, शंका निघाली तर पंचेचाळीसपर्यंत जातात. शिवाय मे-जूनमध्ये भेटीची तारीख मिळणं हेच एक काम होऊन बसतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. कागदांची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावरून स्वतः वाचा, आणि अडलं तर व्हिसा केंद्राला विचारा. शेजारच्या जोशीकाकूंचा व्हिसा आठ दिवसांत आला होता, हे कृपया मला कळवू नका.

जुन्या चौकातलं घड्याळ बनवणाऱ्याचे डोळे काढले होते म्हणे. खरं का? (सांगली)

नाही, ती दंतकथा. घड्याळ १४१० सालचं, कादानच्या मिकुलाशने केलेलं. गोष्टीत डोळे जातात ते हानुश नावाच्या दुसऱ्याच कारागिराचे. दर तासाला बाहुल्या फिरतात तेव्हा सगळे माना वर करून बघत असतात आणि खिसेकापूंना तेवढी वेळ पुरते.

ताई, मेहुणे म्हणाले की इथून कोरुना बदलून नेऊ नका, प्रागमध्ये पावलोपावली ‘झीरो कमिशन’च्या खिडक्या आहेत. तिथे युरो बदलले तर फायदा होईल? (पुणे)

फायदा होईल, खिडकीवाल्याचा. या एका विषयावर मी गेली कित्येक वर्षं घसा कोरडा करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमिशन शून्य असतं हे खरंच आहे. त्यांना ते लागतच नाही, कारण सगळी कमाई भावात असते. समजा बाजारात एका युरोला चोवीस कोरुना मिळताहेत आणि खिडकी सोळाने देते. शंभर युरोंमागे आठशे कोरुना गेले, तेही ‘कमिशन नाही’ या पाटीखाली उभं राहून. बोर्डावर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा पुष्कळदा ते ज्या भावाने युरो विकतात तो असतो, तुमच्याकडून घेतात तो नव्हे. किंवा तो भाव हजार-दोन हजार युरोंच्या वरच्या रकमेसाठी असतो आणि ती अट खाली मुंगीएवढ्या अक्षरांत असते. आमच्या एका गटातले गृहस्थ असेच फसले. ते निवृत्त बँक अधिकारी होते, त्यामुळे त्यांना समजावण्याचं धाडस आधी कुणी केलं नव्हतं.

म्हणून बोर्ड वाचायचाच नाही. नोटा हातातून सोडण्याआधी खिडकीत एकच प्रश्न विचारायचा: शंभर युरोंचे मला हातात किती कोरुना देणार? आकडा कागदावर लिहून घ्या, फोनवरच्या त्या दिवसाच्या भावाशी ताडून बघा आणि पटलं तरच पैसे पुढे करा. फसलातच, तरी हातपाय गाळू नका. एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे की हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन त्याच खिडकीवर परत जायचं. टाळाटाळ केली तर चेक राष्ट्रीय बँकेकडे तक्रार करता येते, कारण या खिडक्यांवर देखरेख तिचीच असते. पण तीन तास म्हणजे तीन तास. रात्री हॉटेलवर हिशेब लिहिताना लक्षात आलं तर उपयोग नाही.

रस्त्यात ‘चेंज, चेंज’ करत जवळ येणाऱ्या माणसापुढे मात्र हा कायदा उपयोगी पडत नाही. तो हातात हंगेरीचे फोरिंट टेकवतो. हजाराची नोट भरभक्कम दिसते आणि निघते साठेक कोरुनांची. त्याच्याशी बोलूच नका.

आता एटीएम. पर्यटकांच्या गल्लीत सुटी उभी असलेली यंत्रं टाळा, बँकेच्या शाखेला लागून असलेलं शोधा. यंत्र मधेच विचारेल, ‘रक्कम रुपयांत वळती करू का?’ आपल्या रुपयाचं नाव बघून माणूस विरघळतो आणि ‘हो’ दाबतो. तिथे भाव यंत्राच्या मालकाचा लागतो. ‘नाही’ दाबा, कोरुनाच निवडा. दुकानात कार्ड दिलं तरी हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच. तुमच्या फॉरेक्स कार्डात युरो भरलेले असतील तर कोरुनाच्या प्रत्येक खर्चावर वेगळं शुल्क लागू शकतं. ते किती, हे निघण्याआधी बँकेला लेखी विचारा. मेहुण्यांना नको.

ट्रॅमचं तिकीट काढलं होतं, तरी तपासनिसाने दंड केला. ही लूट नाही का? (कोल्हापूर)

नाही. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवावा लागतो, एकदाच. शिक्क्याशिवाय ते तिकीट कोरंच. फोनवरचं असेल तर ते सुरू झाल्याची वेळ दिसेपर्यंत चढू नका. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. बिल्ला बघायला मागा आणि दंड भरलात तर पावती घ्या.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का? (जळगाव)

नाही. चेक भाषेत ‘मासो’ म्हणजे मांस आणि ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. आपल्या कानाला ते बिनमाशाचं वाटतं, तेवढं सांभाळा. तळलेलं चीज ‘स्माझेनी सिर’ सगळीकडे मिळतं. ‘ब्रांबोराक’ हे बटाट्याचं थालीपीठच, पण ते डुकराच्या चरबीत तळलेलं असू शकतं, आणि बटाट्याच्या सूपलाही कधी मांसाचं पाणी असतं. दोन्ही वेळा विचारा. चौकाचौकांत ‘पारंपरिक’ म्हणून विकतात ते निखाऱ्यावरचं ट्रडेलनिक प्रागमध्ये पर्यटकांसाठी आलेलं आहे. गोड लागतं, खा, पण परंपरेचे पैसे देऊ नका. अंडंही चालत नसेल तर वाढप्याला ते वेगळं सांगावं लागेल.

आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. किल्ला झेपेल का? (डोंबिवली)

खालून चढवू नका. २२ नंबरची ट्रॅम किल्ल्याच्या अंगाला, वरच्या बाजूला सोडते. जुन्या चौकातल्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. चार्ल्स पूल १३५७ साली बांधायला घेतला, त्यावर चढ फार नाही, पण पायाखाली सगळे दगड. बूट जुने, सवयीचे द्या. मेट्रोचे सरकते जिने आपल्यापेक्षा वेगाने पळतात आणि ‘नामेस्ती मीरू’ स्थानकाचा जिना तर ८७ मीटर लांब. आईंना साडी नेसायची असेल तर पदर खोचून, नाहीतर सरळ ट्रॅमने. झेपेल की नाही हे मी इथून सांगणं बरोबर नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि विम्यात जुनी दुखणी धरली आहेत का हे कंपनीकडून लिहून घ्या.

शुक्रवार ते रविवार प्रागला आहोत. चेस्की क्रुमलोव आणि कुत्ना होरा, ही दोन्ही गावं बसवता येतील? (संभाजीनगर)

दोन्ही नाही. क्रुमलोव जायलाच अडीच-तीन तास, ते सोडा. कुत्ना होरा रेल्वेने तासाभरावर आहे, ते शनिवारी करा. शनिवारी प्रागच्या ज्यू वस्तीतलं संग्रहालय आणि सिनेगॉग बंद असतात, त्यामुळे काही चुकत नाही. कुत्ना होराच्या अस्थिगृहात (माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपेल) फोटो काढायला बंदी आहे, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. ज्यू वस्ती शुक्रवारी बघा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० चेक ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत, तिथे घाई करू नका. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून तिथे दुपारी जा, आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं असेल तर आधी वेळा तपासून मगच तिकीट काढा.