जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत

प्रश्न: वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झालेले .३२ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर विकायचे आहे. किंमत कशी ठरवावी? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नळीच्या आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) झिजले आहेत का, घोडा ओढल्यावर गोळ्या भरायचे चक्र डुगडुगते का आणि सांगाड्यावरचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो का, हे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून तपासून घ्यावे. आपल्या दमट हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या शस्त्राला बारीक गंजाचे खड्डे पडतात आणि भाव तिथेच उतरतो. मात्र ते लपवण्यासाठी पॉलिश मुळीच करू नये, कारण मूळ निळसर झाक गेली की जाणकार आणखी कमी देतो. खासगी परवानाधारकास विकताना १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावे लागते.