ब्लड कॅन्सर बरा होऊन चार वर्षं झाली, आता मुलीची काय काळजी घ्यायची?

तुम्ही विचारलंय: मुलीला पाचव्या वर्षी ए.एल.एल. (मुलांमध्ये होणारा एक ब्लड कॅन्सर) झाला, सातव्या वर्षी औषधं संपली, आता ती ११ वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. मग नागपुरात राहून आता काय खायला द्यायचं, काय तपासायचं?

मी म्हणेन, आहाराच्या आधी फाईल काढा. कोणतं औषध एकूण किती गेलं, यावर पुढच्या तपासण्या ठरतात. डिस्चार्ज कार्डांवर डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन शोधा, म्हणजे ती लाल रंगाची औषधं. दोन्ही हृदयाच्या स्नायूला त्रास देतात, आणि तो त्रास कधी कधी दहा-वीस वर्षांनी दिसतो. बेरजेत बहुतेकांची चूक होते. कार्डावर नुसते मिलिग्रॅम असतात, धोका मात्र शरीराच्या क्षेत्रफळामागे मोजतात. २० मिलिग्रॅम दिलं आणि तेव्हा बीएसए (म्हणजे हेच शरीराचं क्षेत्रफळ) ०.८ चौरस मीटर होता, तर तो डोस चौरस मीटरमागे २५ मिलिग्रॅमचा. असे सहा म्हणजे १५०. डॉनोरुबिसिन आताच्या हिशेबात साधारण निम्मं धरतात, तेवढी बेरीज डॉक्टरांकडून तपासून घ्या. एकूण १०० ते २५० च्या दरम्यान असेल तर दर पाच वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), २५० किंवा जास्त असेल तर दर दोन वर्षांनी. १०० च्या खाली असेल आणि छातीला रेडिएशन नसेल तर ठरावीक इकोची गरज नसते. ईसीजी नॉर्मल आला म्हणून इको टाळू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी दाखवतात.

उपचार मुंबईला झाले असतील तर तिथून एक पानी गोषवारा मागवा: आजार, तारखा, औषधांची बेरीज, रेडिएशन कुठे आणि किती, रक्त चढवलं होतं का. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. दर वेळी गाडी पकडायची गरज नाही, इको नागपुरात करून रिपोर्ट पाठवता येतो.

घरी एक तपासणी आजच करा. तिला अनवाणी, टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. पंजा वर उचलला जात नसेल, फरशीवर थप्प आवाज येत असेल, तर व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने नसा कमजोर झाल्या असू शकतात, फिजिओथेरपिस्टकडे जा. मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखून ती लंगडत असेल तर स्टिरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआय लागतो.

आता खाण्याचं. उपचारातली पथ्यं आता नकोत, तर्री-पोहा खाऊ द्या. खरी अडचण उलटी आहे: आजारातून उठली म्हणून घरचे भरवत सुटतात, आणि ए.एल.एल.नंतर वजन वाढण्याची प्रवृत्ती तशीही असते. दूध-दही-ताक तीन वेळा, तिळाची चटणी, भाकरी, वरण, हंगामात संत्री. इम्युनिटीच्या पावडरी घेऊ नका, पैसे जातात. रोज एक तास घाम येईल असं खेळणं हवं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नवतपात (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) घरातच दोरीवरच्या उड्या. लाल औषधाची बेरीज जास्त असेल तर जड वजनं उचलण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

घरात कोणी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असेल तर तो आताच बंद करा. या मुलांना दुसऱ्या कॅन्सरचा धोका इतरांहून जास्त असतो, आणि कॉलेजात गेल्यावर पानठेला समोरच असतो. पंधराव्या वर्षी उपदेश करण्यापेक्षा घरात डबी नसलेली बरी.

लसींचं कार्ड उघडा. केमोने आधीच्या लसींचा परिणाम पुसला जाऊ शकतो. उपचार संपून सहा महिने उलटल्यावर गोवर-कांजण्यांसारख्या जिवंत लसीही सहसा देता येतात. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस) नवव्या वर्षापासून देता येते, कॅन्सर होऊन गेलेल्यांना तीन डोस देतात.

गणितात मागे पडत असेल, लिहायला वेळ लागत असेल, तर आळस समजू नका. पाठीतून दिलेल्या मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाने मेंदूचा वेग थोडा कमी होऊ शकतो. दहावीआधी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेतली तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

अठराव्या वर्षी बालरोग विभाग सुटतो. पुढे कधी ती गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांत इको लागेल, आणि तिथल्या डॉक्टरांना लाल औषधाची बेरीज माहीत नसेल. गोषवाऱ्याचा फोटो तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.