शनिवारी दुपारी एक वाजता तू कुठे असतेस?

"काकू, दोन वर्षं मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आहे पण आम्ही एकही मॅच बघितली नाही, आम्हाला त्यातलं काही कळत नाही आणि तसाही तो बेंचवरच असतो." तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे गं, त्यात डोक्याला मार लागायची भीती आहे, दिवाळी आहे, बीफ आहे, सासूबाई आहेत, पण मी या एका वाक्यावर अडले ती अडलेच. बाकीचं शेवटी बघू.

कॉलेज घरापासून दोन तासांवर आणि दोन वर्षांत एक शनिवार निघाला नाही? मंडळाच्या नाटकाला मात्र तीन तास गाडी हाणत गेलात, हेही तूच लिहिलंयस. काळजी वाटते ते कळतं मला, आपण सगळेच इथे अमेरिकेत क्रिकेट डोक्यात घेऊन आलो, हा हेल्मेटवाला धिंगाणा कुणाला कळणार होता. पण म्हणून जायचंच नाही?

आणि हे काय, "स्कॉलरशिपसुद्धा देत नाहीत, म्हणजे टीम काही खास नसणार." अगं, ती डिव्हिजन थ्री आहे, कॉलेजांच्या खेळांची तिसरी श्रेणी! तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही असा नियमच आहे, सगळ्यांना. मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते तेवढीच. तुमच्याच ओहायोत, अलायन्स गावात, माउंट युनियन युनिव्हर्सिटी आहे, 13 वेळा राष्ट्रीय विजेते, तिथल्या पोरांनाही फुटबॉलचा एक डॉलर मिळत नाही. या डिव्हिजनमध्ये 240च्या आसपास टीम आहेत, बहुतेक पोरं पुढे अकाउंटंट, शिक्षक, डॉक्टर असलं काहीतरी होणार हे त्यांनाही माहितीये. तरी ऑगस्टच्या उन्हात, कॉलेज भरायच्या आधी कॅम्पला हजर. आधीचे काही दिवस नुसतं हेल्मेट, मग हळूहळू अंगावर पॅड चढतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साधारण 10 मॅचेस आणि बहुतेकांचा सीझन तिथेच संपतो, प्लेऑफला थोडेच जातात.

माझा पुतण्या इंडियानात खेळला म्हणून मला हे कळतं, नाहीतर मीही तुझ्यासारखीच. तिथे वॉबॅश आणि डिपॉ अशी दोन छोटी कॉलेजं आहेत, 1890 पासून एकमेकांशी खेळतायत, आणि 1932 पासून जिंकणाऱ्याला काय मिळतं तर मोनॉन रेल्वेच्या इंजिनाची घंटा, जवळपास 300 पाउंडांची! एरवी सगळा सीझन हरले तरी चालेल पण ही मॅच जिंकायची, असं तिथले म्हातारे माजी विद्यार्थीसुद्धा म्हणतात. तुमच्या मुलाच्या कॉलेजचीही अशी एखादी खुन्नसवाली मॅच असणार. त्याला विचार, बघ कसा बोलायला लागतो, एरवी फोनवर "हो, नाही, जेवलो" एवढंच असतं ना त्याचं?

आता तुझं ते "बेंचवरच". शनिवारी बेंचवर असतो, बाकी आठवडाभर कुठे असतो विचारलंस कधी? अशा पोरांची स्काउट टीम करतात. येत्या शनिवारी समोर जी टीम येणार तिचे डावपेच ही पोरं शिकतात आणि आपल्याच मेन अकराजणांपुढे तसं खेळून दाखवतात, म्हणजे मंगळवारी-बुधवारी सगळे धक्के हाच खातो. शिवाय बऱ्याच कॉलेजांत रविवार-सोमवारी ज्युनिअर व्हर्सिटीच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीमच्या, मॅचेस असतात, त्यात अशी मुलं पूर्ण वेळ खेळतात. तिथे गर्दी नसते, पार्किंग फुकट, आई नीट दिसते.

खेळ कळायला एक दुपार पुरते. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, गेलं की पुन्हा चार मिळतात. बॉल पलीकडच्या टोकाला नेला की टचडाउन, त्याचे 6, वर किक मारून 1, लांबून किकने बॉल खांबांमधून घातला, म्हणजे फील्ड गोल, तर 3. बस. तुझा मुलगा 64 नंबरचा म्हणजे लाइनमधला, 50 ते 79 नंबरवाले ते, एरवी बॉल त्यांच्या हातात यायचाच नाही. दहीहंडीतला खालचा थर बघ, हंडी फोडणारा वेगळाच. म्हणून तू बॉलकडे बघूच नकोस, त्याच्याकडे बघ. एक हात जमिनीला टेकवून कसा बसतो, शिट्टी झाल्यावर पडलेल्याला हात देऊन कसा उठवतो. माझी जाऊ चार सीझन एवढंच बघत होती, स्कोअर शेजारणीला विचारायची. नोव्हेंबरात ती अ‍ॅल्युमिनियमची बाकं बर्फासारखी गार पडतात, गोधडी ने. आणि टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी सगळे मिळून खातात तिथे, बटाटेवडे नेलेस तर सगळ्या पालकांत तुझं नाव होईल, हे मी लिहून देते.

शेवटच्या होम मॅचला सीनिअर डे असतो, चौथ्या वर्षाच्या पोरांचं नाव पुकारतात आणि ती आई-बाबांना घेऊन मैदानात चालत येतात. पुतण्याच्या वेळी एक मुलगा असिस्टंट कोचबरोबर चालत आला. जाऊबाई घरी येईपर्यंत त्या पोराबद्दलच बोलत होती. तुझ्याकडे अजून दोन वर्षं आहेत, बघ बाई.

बरं, बाकीचं. डोक्याला मार: कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला तरी त्या दिवशी पुन्हा खेळवत नाहीत, नंतरही एकेक पायरी करत डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच परत घेतात. पण पोरं लपवतात, "डोकं दुखलं तर ट्रेनरला सांग" हे त्याला दर आठवड्याला बजाव. आणि तो 18च्या पुढचा आहे, त्याने सही केल्याशिवाय कॉलेज तुला काही सांगणार नाही, तो फॉर्म आजच भरून घे. इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा आधी तुमचाच वापरतात, त्या गावातलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का ते बघून ठेव.

दिवाळी दर वर्षी ऐन सीझनमध्येच येणार, रविवारी करा आणि चकल्यांचा डबा टीमला पाठव, मोठा पाठव, शंभर पोरं असतात. मार्कांचं म्हणशील तर पुतण्याचे सीझन संपल्यावर घसरायचे, वेळ मोकळा मिळाला की झोपायचा नुसता. बीफचं तो आता तुला विचारून ठरवणार नाही, सोड. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर मॅच दाखव, पण हेल्मेट काढल्यावर, नाहीतर कुठला आपला ते शोधण्यातच कॉल संपेल.