नव्या पिकअपसाठी थांबू का?

भातकापणी सुरू झाली की आमच्या घोटीच्या गॅरेजमधली कामं थोडी मंदावतात आणि मी तुमची पत्रं घेऊन बसतो. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कंपनीबद्दल आहेत. महिंद्राची नवी दणकट गाडी कधी येणार, पिकअप येणार का, थांबावं की आहे ते घ्यावं? कारणही तसंच आहे. 15 ऑगस्ट 2025 ला कंपनीने मुंबईत व्हिजन टी, व्हिजन एस, व्हिजन एक्स आणि व्हिजन एसएक्सटी अशा चार संकल्पना-गाड्या दाखवल्या. 2027 पासून त्यांच्यावर आधारलेल्या गाड्या यायला लागतील, असं सांगितलं. त्याआधी 15 ऑगस्ट 2023 ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्कॉर्पिओ-एनच्या चासीवरची ‘ग्लोबल पिक अप’ दाखवून झाली होती. पत्रांपैकी तीन इथे घेतो.

प्रश्न : काका, आमचा चार एकर टोमॅटो असतो. घरची बोलेरो पिकअप 2013 ची. आता धूर मारते आणि इंजिनचं काम निघालंय. भाऊ म्हणतो, स्कॉर्पिओ-एनची पिकअप येतेय, चाचणीसाठी फिरणाऱ्या झाकलेल्या गाडीचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले. माल पण जाईल आणि घरच्यांना घेऊन शिर्डीला पण जाता येईल. थांबावं का?
— एक शेतकरी, ता. जुन्नर

उत्तर : दादा, थांबू नका. तुमची उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होणार आणि एप्रिलमध्ये तोडे सुरू होणार. हा अंक छापायला जाईपर्यंत तरी कंपनीने या पिकअपच्या विक्रीची तारीख सांगितलेली नाही. तारखेचाच पत्ता नसलेल्या गाडीवर चार एकरांचा माल अवलंबून ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता हौद्याचा हिशेब करू. नारायणगावच्या बाजारात क्रेट वीस किलोचं. साठ क्रेट भरले की 1,200 किलो झाले. तुमची गाडी याच कामासाठी बांधलेली आहे. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), लांब हौदा, पुढे छोटी केबिन. केपटाऊनला जी दाखवली ती डबल केबिनची होती. मागे माणसं बसवायची म्हटली की तेवढी जागा हौद्यातूनच जाते. आपल्याकडे मिळणारी टोयोटा हायलक्स बघा. गाडी 5.3 मीटर लांब आहे, पण हौदा तुमच्या गाडीपेक्षा बराच आखूड. तिच्यात साठ क्रेट रचायचे तर थर टपाच्या वर जातील, आणि नारायणगावच्या चौकात पहिल्याच ब्रेकला टोमॅटो रस्त्यावर येतील.

तुमचे भाऊ म्हणतील, सिंगल केबिनची पण येईल, फोटोत तीही दिसते. मलाही वाटतं ती येईल. दक्षिण आफ्रिकेत शेतकऱ्याची गाडी म्हणजे पिकअपच, तिकडे तिला ‘बक्की’ म्हणतात. महिंद्रा 2018 पासून डर्बनला पिकअप जुळवते. पण तिकडे विकली जाणारी गाडी जुन्या स्कॉर्पिओवरची आहे आणि तिला वारस हवाच आहे. म्हणून हे काम कंपनी अर्धवट सोडणार नाही, असा माझा अंदाज. मात्र यातच दुसरी गोष्टही आली. गाडीचा आराखडा आधी तिकडच्या गिऱ्हाइकासाठी काढला जातोय. आपल्याकडे 2007 मध्ये स्कॉर्पिओची गेटअवे पिकअप आली होती. आमच्या गॅरेजला इतक्या वर्षांत पाच-सहाच आल्या असतील. भाड्याने माल नेणाऱ्याला ती महाग पडायची आणि घरच्या गाडीला हौदा कुणालाच नको होता.

पासिंगचाही विचार करा. मालवाहू पासिंग झालं तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. खासगी पासिंग झालं तर शेजाऱ्याचे क्रेट भाड्याने नेता येणार नाहीत, आणि तुमच्यासारख्यांचा डिझेलचा खर्च तर त्याच भाड्यातून निघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाडीला 18 टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या मोटारीला 40 टक्के. नवी गाडी यांतल्या कुठल्या रकान्यात बसते, त्यावर किंमत काही लाखांनी वरखाली होईल. लायसन्सची काळजी मात्र नको. 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

माझं ऐकाल तर इंजिनचं काम आत्ताच करून घ्या. पिस्टन-रिंगा बदलायच्या आहेत की नुसतं हेडचं काम आहे, ते कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय कुणालाही ठरवू देऊ नका. गाडी उघडलीच आहे तर पाट्यांचे बुशही टाकून घ्या. उन्हाळी हंगाम तिच्यावर निघेल. शिर्डीला जायचं त्या दिवशी भाड्याची गाडी करा, वर्षातून दोनदाच तर जाता. आणि इंजिनचा ब्लॉकच गेला असेल तर याच वर्गातली दुसरी घ्या. साठ क्रेट, तेवढाच हौदा, तेच पाटे.

प्रश्न : सर, मी 26 वर्षांची आहे, पहिलीच गाडी घेतेय. पन्हाळा, गगनबावडा, आंबोली, पावसात दाजीपूर, असं फिरणं असतं. तीन दारांची थार आवडते. पण व्हिजन टी बघितल्यापासून थांबावंसं वाटतंय. ग्रुपमधली मुलं म्हणतात, ती मोनोकॉक आहे, म्हणजे खोटी ऑफ-रोडर. खरंय का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ‘खोटी’ या शब्दाबद्दल. थारच्या खाली शिडीसारखी लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. मोनोकॉकमध्ये फरशी, खांब आणि टप वेल्ड करून एकच पेटी केलेली असते. महिंद्राच्या या चारही संकल्पना-गाड्या एनयू आयक्यू नावाच्या नव्या मोनोकॉक रचनेवर आहेत. पण 2019 मध्ये आलेली नवी लँड रोव्हर डिफेंडरसुद्धा मोनोकॉकच आहे. ती 900 मिलिमीटर पाण्यातून जाते आणि तिच्यात लो रेंज गिअरही आहे, म्हणजे चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारा जादा गिअर. तेव्हा नुसत्या चासीवरून गाडीला खोटी ठरवू नका.

विचारायचं ते हे, की गाडीत लो रेंज आहे का? दाजीपूरच्या बाजूला लाल मातीचा उतार पावसात साबणासारखा होतो. तिथे ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि गाडी घसरायला लागते. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून पाय सगळ्या पेडलांवरून काढून घ्यायचे. गाडी माणसाच्या चालीने आपली आपण उतरते. हे एकदा स्वतः करून बघा, मग कुठलीही जाहिरात बघताना तुमचं लक्ष आधी तिकडेच जाईल. एनयू आयक्यूची रचना पुढची चाकं ओढणारी, आणि हवी तर चारही चाकांना ताकद देणारी आहे. अशा रचनेत सहसा लो रेंजचा डबा नसतो. माझा अंदाज असा, की व्हिजन टी दिसेल थारसारखी, पण थारची जागा घेणार नाही. शहरात राहून महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्यासाठी ती असेल.

दुसरी गोष्ट गाडीच्या पोटाची. गेल्या जुलैत, आवणी (भातलावणी) चालू होती तेव्हा, आमच्या इथे एका शेतकऱ्याची चार चाकं ओढणारी डबल केबिन पिकअप भातखाचराच्या बांधावर अडकली. मी पावसात तिच्याखाली आडवा झालो. चासीचा मधला आडवा बार बांधात दोन बोटं रुतला होता. मागचं चाक मी हाताने फिरवलं तर गरगर फिरलं, खाली मातीच लागत नव्हती. ताकद चारही चाकांत होती, पण सगळा भार पोटावर होता. शेवटी कुदळीने बांध कोरला तेव्हा गाडी सुटली.

याला कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. तीन दारांच्या थारमध्ये ते 2,450 मिलिमीटर आहे आणि पोटाखालचा कोन, म्हणजे पोट न टेकता केवढा उंचवटा ओलांडता येतो त्याचं माप, 27 अंशांचा. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये अंतर 2,850 झालं आणि कोन 23.9 वर आला. हायलक्समध्ये अंतर 3,085 आहे. म्हणून पिकअप कितीही रांगडी दिसली तरी बांध, नाल्याचा काठ, उंचवटा आला की आखूड थार तिच्या पुढे निघून जाते. मला तीन दारांची थार याचसाठी आवडते. मागच्या सीटवर बसणाऱ्याला ती आवडत नाही, हेही खरं आहे. तुमच्या आई-बाबांना एकदा मागे चढून-उतरून बघायला सांगा.

पन्हाळा, गगनबावडा, आंबोली हे सगळे डांबरी रस्ते आहेत. तेवढंच असेल तर मागची चाकं ओढणारी 1.5 लिटर डिझेल थार पुरते. चार मीटरच्या आतली आणि लहान इंजिनची असल्यामुळे तिला जीएसटीही 18 टक्केच लागतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, हवी तर मोठं इंजिन येतं आणि त्याबरोबर 40 टक्के. पण दाजीपूरला तुम्ही खरोखर पावसात जात असाल तर हे पैसे वाचवू नका. मात्र मसाई पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर गाडी घालू नका, फोर बाय फोर असली तरी. त्या बोटभर मातीत फुलं येतात आणि चाकाची खूण पुढची कित्येक वर्षं बुजत नाही.

2027 पर्यंत थांबण्याबद्दल विचाराल, तर तुमच्या फिरण्यासाठी मी थांबणार नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकला थार बनते, त्यामुळे घरात याच गप्पा. माझा नववीतला मुलगा रस्त्यावर झाकलेली गाडी दिसली की फोटो काढतो आणि सांगतो, ही पिकअप, ही इलेक्ट्रिक थार. एक फोटो सोबत पाठवला आहे. अशा फोटोतून खरंच काही कळतं का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : कळतं, आणि तुमच्या मुलाची नजर या वयात इकडे वळली याचा मला फार आनंद झाला. फक्त त्याला सांगा, गाडीचं नाक बघू नको. काळ्या-पांढऱ्या नक्षीची चादर सगळ्यात जाड तिथेच असते आणि शेवटपर्यंत बदलतंही तेच.

मागच्या चाकाच्या आत बघायचं. तिथे पाटे दिसले तर गाडी वजन वाहायला केली आहे. स्प्रिंगची गुंडाळी दिसली तर माणसं बसवायला. मग केबिन आणि हौद्याच्या मधली फट शोधायची. फट असेल तर हौदा वेगळा बसवलाय, म्हणजे खाली शिडीची चासी असण्याचा संभव जास्त. हौदा केबिनला सलग जोडलेला असेल तर ती मोनोकॉक व्हिजन एसएक्सटीच्या कुळातली. धुराची नळी कुठेच दिसली नाही तर इलेक्ट्रिक. दिवे जुजबी, दुसऱ्याच गाडीचे लावल्यासारखे असतील तर काम अजून लांब आहे. खरे दिवे बसले असतील तर जवळ आलं. काचेतून आतला भाग दिसला तर गिअरच्या शेजारी दुसरा दांडा किंवा ‘फोर एल’ (म्हणजे लो रेंज) लिहिलेली चकती आहे का ते बघायचं. तो फोटो मिळाला तर मला नक्की पाठवा.

सोबतचा फोटो समोरून काढलेला आहे, त्यात चादरीशिवाय काही दिसत नाही. पुढच्या वेळी त्याने घाई करू नये. गाडी पुढे जाऊ द्यावी, फुटपाथवरच उभं राहून खाली वाकावं आणि मागून फोटो काढावा.