हप्ता सहा हजारांचा, दुखणं बॅटरीचं

प्रश्न: मी नाशिकला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हातात ३८,००० रुपये येतात. यजमानांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. लग्नसराईत बरा चालतो, पावसाळ्यात जेमतेम. भाडं, घरखर्च आणि स्कूटरचा २,९०० चा हप्ता धरून महिन्याला ४६,००० लागतात. अडीअडचणीसाठी बँकेत ५५,००० आहेत. मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्यासाठी म्युच्युअल फंडात दरमहा ३,००० ची एसआयपी चालू आहे. दोघांचाही टर्म विमा (कमावत्याच्या मृत्यूनंतर घराला रक्कम देणारा) नाही. माझा फोन २ वर्षं ८ महिन्यांपूर्वी २८,००० ला घेतला. गेल्या मोठ्या अपडेटपासून दुपारी दोनलाच १५ टक्क्यांवर येतो, कधी २० टक्के दिसत असताना बंद पडतो, गरम होतो, आणि जागा भरली म्हणून सारखे पैसे मागतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बॅटरी ३,४०० ला बदलून देऊ, पण काही उपयोग नाही, नवाच घ्या. दुकानात ७२,००० चा फोन बारा महिने ६,००० च्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय (रोख दिले तर ६८,०००), सोबत ५,९९९ चा प्रोटेक्शन प्लॅन. वर्षभर एसआयपी थांबवली तर ३,००० सुटतात, उरलेले यजमान देतो म्हणतात. निदान तो फोन पाच वर्षं टिकेल. घेऊ का? आणि या कंपन्या आपले चांगले फोन मुद्दाम बिघडवतात का?

उत्तर: ताई, हा फोन हप्त्यावर घेऊ नका. आहे त्याच फोनची बॅटरी याच आठवड्यात बदलून घ्या. आता असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रात हिशेबाइतकाच रागही आहे आणि तो राग मला रास्त वाटतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी करत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. झिजलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, त्यामुळे फोन अचानक बंद पडतात, आणि ते टाळण्यासाठी हे केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण खरं होतं. पण ग्राहकाला न सांगता केलं, आणि बॅटरी बदलली की वेग परत येतो हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी नवे फोन घेतले असणार. ओरड झाल्यावर भारतात त्या बॅटरीची किंमत ६,५०० वरून २,००० वर आली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, इटलीच्या स्पर्धा आयोगाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला, तोही अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून. ॲपलच्या दंडाचा काही भाग बॅटरीची नीट माहिती न दिल्याबद्दल होता. त्यामुळे तुमची शंका निराधार नाही. तुमच्या फोनच्या बाबतीत तसंच झालंय असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तुम्ही सांगितलेल्या खुणा दुसरीकडे बोट दाखवतात.

२० टक्के दिसत असताना फोन बंद पडणं, हे थकलेल्या बॅटरीचं लक्षण आहे. फोनची लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, असं बरेच उत्पादक स्वतःच धरतात. तुम्ही रोज एकदा चार्ज करत असाल तर २ वर्षं ८ महिन्यांत ९०० च्या वर फेऱ्या झाल्या. त्यात नाशिकचा एप्रिल-मे आणि स्कूटरच्या डिकीत तापणारा फोन. बॅटरी ही झिजण्यासाठीच असलेली वस्तू आहे, स्कूटरच्या टायरसारखी. टायर गुळगुळीत झाला म्हणून तुम्ही स्कूटर बदलली नसती. फोनच्या बाबतीत तसं वाटतं, कारण ही बॅटरी आपल्या हाताने काढता येत नाही आणि ज्याला काढता येते त्याला नवा फोन विकण्यात जास्त रस असतो.

माझ्या आईचा फोन दोन वर्षांपूर्वी चार्ज होईना. एका काउंटरवर सांगितलं, आतला मुख्य सर्किट बोर्ड गेला, १४,००० लागतील, त्यापेक्षा नवा घ्या. मी तिथून उठलो आणि दुसरीकडे गेलो. चार्जिंग पोर्ट बदलला, ६५० रुपये लागले, फोन आजही चालतो. आईने एकटीने ते ऐकलं असतं तर तिने नवा फोन घेतला असता, हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं. म्हणून ‘काही उपयोग नाही’ हे वाक्य कागदावर मागायची सवय लावा. जॉब शीटवर, म्हणजे फोन दुरुस्तीला देताना मिळणाऱ्या कागदावर, लिहून घ्या: कोणती तपासणी केली, बॅटरीची क्षमता किती आढळली, खोलताना स्क्रीन फुटली तर जबाबदारी कोणाची, नव्या बॅटरीला वॉरंटी किती. पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही.

आता पैसे. ‘नो-कॉस्ट’ या शब्दावर थोडं थांबू या. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना स्पष्ट केलं होतं. म्हणून आज काय करतात, तर व्याज लावतात आणि तेवढीच सूट सुरुवातीला किमतीतून देतात. व्याजदर १५ टक्के धरला तर तुमचं कर्ज सुमारे ६६,४७५ चं दिसेल आणि वर्षभराचं व्याज सुमारे ५,५२५. ते व्याज त्या सवलतीतून भागतं, पण हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, तो झाला जवळपास ९९५. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी धरला तर आणखी २३५. म्हणजे साधारण १,२३० रुपये वरचे. ही रक्कम मोठी नाही. मोठी आहे ती रोखीवर मिळणारी ४,००० ची सूट, जी हप्ता घेतला की हातची जाते. खरा ‘कॉस्ट’ तिथे आहे आणि तो कुठल्याच कागदावर खर्च म्हणून लिहिलेला नसतो.

त्यात प्रोटेक्शन प्लॅनचे ५,९९९ घाला. महागड्या फोनच्या डब्यात हल्ली बहुधा चार्जर नसतो, म्हणून चार्जर, कव्हर आणि काच यांचे २,५०० धरा. ७२,००० चा फोन ८१,७०० च्या पुढे गेला. तुमच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त.

पाच वर्षं टिकेल हा तुमचा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो. स्वस्त वस्तू वारंवार घेण्यापेक्षा चांगली एकदाच घ्यावी, हे कित्येक ठिकाणी खरं असतं. म्हणून दर महिन्याचा खर्च काढून पाहिला. तुमचा सध्याचा फोन आतापर्यंत महिना ८७५ रुपयांना पडलाय. तुम्ही कळवलेल्या मॉडेलला कंपनीच्या यादीप्रमाणे अजून १६ महिने सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ३,४०० ची बॅटरी त्या १६ महिन्यांवर वाटली तर महिना २१३ रुपये होतात. नवा फोन, वरचा सगळा खर्च धरून, पाच वर्षं वापरला तर महिना १,३६०. आणि पाच वर्षांत त्याचीही बॅटरी एकदा बदलावीच लागेल, ७२,००० चा असला तरी.

यात सुरक्षा अपडेट हा शब्द महत्त्वाचा आहे. फोन किती जुना झाला यापेक्षा सुरक्षा अपडेट कधी बंद होतात ते बघून फोन बदलायचा, कारण तुमची बँक, यूपीआय, मुलीच्या शाळेची फी, सगळं त्यातच आहे. अपडेट थांबल्यावर त्या फोनवर पैशांचे व्यवहार करू नयेत. तोवर तो तुमच्या कामाचा आहे.

एसआयपीबद्दल माझं मन सगळ्यात जास्त दुखलं. वर्षभर थांबवली तर ३६,००० गुंतवायचे राहतात. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत वर्षाला १० टक्के वाढ धरली तर ते सुमारे १ लाख ७ हजार होतात. बाजार हमी देत नाही, कमी-जास्त होईल. पण वर्षभर थांबलेली एसआयपी पुन्हा सुरू होतेच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये ‘थोडे दिवस’ थांबवलेली एसआयपी दोन-दोन वर्षं तशीच राहिलेली मी पाहतो.

आणि धोका बघा. स्कूटर आणि फोन मिळून ८,९०० चे हप्ते, म्हणजे तुमच्या पगाराचा जवळजवळ पाव भाग. त्यातले ३,००० यजमान देणार, पण बारा महिन्यांत पावसाळाही येतो. बाजूला ठेवलेले ५५,००० म्हणजे तुमच्या घराचा सव्वा महिनाही नाही. एक हप्ता चुकला की लेट फी लागते, क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज जातं, आणि सिबिल स्कोअर (कर्ज वेळेवर फेडता का ते दाखवणारा आकडा) तुमचा पडतो, दुकानदाराचा नाही. पुढे कधी घरासाठी कर्ज लागलं तर हे नडेल.

प्रोटेक्शन प्लॅनच्या जागी एक गोष्ट मनापासून सांगतो. घरात दोघंही कमावता, सहा वर्षांची मुलगी आहे आणि टर्म विमा कोणाचाच नाही. फोनच्या काचेसाठी सहा हजार बाजूला काढायची तुमची तयारी असेल, तर तेच पैसे आधी तुमच्या आणि यजमानांच्या टर्म विम्याच्या हप्त्याकडे वळवा.

आता करायचं काय. फोन दुकानात देण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून घ्या, सिम काढा, यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा. फोनमध्ये दुरुस्तीसाठीचा वेगळा मोड असेल तर तो लावा. बॅटरी अधिकृत केंद्रातूनच घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात ती निम्म्यात मिळेल, पण हलक्या दर्जाची बॅटरी फुगण्याचा धोका असतो आणि हा फोन रात्री तुमच्या मुलीच्या उशाशी असतो. सध्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो आजच बंद करा, चार्जिंगला लावू नका.

जागा भरल्याच्या कटकटीला पैसे न भरता बराच उतारा आहे. गूगलची मोफत जागा १५ जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांना मिळून तेवढीच, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच आला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोठे व्हिडिओ आधी काढा, मग बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. सुप्रभातचे व्हिडिओ आणि ग्रुपवरचे लग्नाचे शूटिंग गेले तरी पाच-सात जीबी सुटतील. फोनच्या स्वतःच्या मेमरीतही थोडी जागा रिकामी राहिली की तो हलका चालतो. मुलीचे जुने फोटो मात्र एखाद्या पेन ड्राइव्हवर आणि घरच्या कुणाच्या लॅपटॉपवर, असे दोन ठिकाणी ठेवा, मगच फोनमधून काढा.

एसआयपी चालू राहू दे. यजमान जे ३,००० देणार होते, त्यातले १,५०० दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. १६ महिन्यांत व्याजासकट २५,००० च्या आसपास जमतील. उरलेले १,५०० अडचणीच्या ५५,००० मध्ये जाऊ द्या. १६ महिन्यांनी नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एकच प्रश्न विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं, आणि ती वर्षं विक्रीच्या तारखेपासून मोजायची की फोन बाजारात आल्यापासून? गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेला ७ वर्षांचं आश्वासन दिलं, आणि आता मधल्या किमतीच्या काही फोनांनाही ६ वर्षं मिळतात. किंमत भागिले उरलेली वर्षं, हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करा. विक्रेत्याला घाई असली तरी करा.

माझं मत बदलू शकेल अशी एक शक्यता आहे. नवी बॅटरी टाकून पंधरा दिवस झाले आणि तरीही फोन तसाच तापतोय, बंद पडतोय, तर दोष बोर्डात असेल. मग मात्र त्यावर आणखी पैसे घालू नका, २०,००० च्या आतला, लांब अपडेटचा फोन घ्या. निम्मे रोख, निम्मे सहा हप्त्यांत. ७२,००० चा तेव्हाही नाही.

बॅटरी बदलल्यावर दोन आठवडे रोज दुपारी दोनला किती टक्के उरतात ते वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा. सोबत तुमचं आणि यजमानांचं वय, तंबाखू-सिगारेटची सवय आहे का आणि ऑफिसचा गट विमा असेल तर त्याची रक्कम एवढं पाठवा, म्हणजे टर्म विम्याचा आकडा काढून देतो.